आवाज वरूनच येतो, हे कुणी ठरवलं?

पत्राचा सारांश : म्हसरूळमध्ये दिंडोरी रोडच्या बाजूला चार मजली, दोन विंगची सोसायटी. पत्र लिहिणाऱ्या ताई ए विंगमध्ये तिसऱ्या मजल्यावर राहतात आणि यंदा सोसायटीच्या सचिव आहेत. डिसेंबरपासून त्यांच्याकडे मोठा धडाका ऐकू येतो. कधी सकाळी अकरा-बाराच्या सुमाराला, तेव्हा काचा थरथरतात आणि अख्खी कॉलनी गॅलरीत येते. कधी रात्री अडीच ते साडेतीनच्या दरम्यान, तेव्हा तो 'पलंगाच्या पायातून जाणवतो' आणि झोप उडते ती उडतेच. पहिल्या महिन्यात आठवड्यातून दोन-तीनदा व्हायचा, 'आता तर रोजच होतो.' बी विंगला रात्रीचं काही कळत नाही. ताईंचे यजमान म्हणतात, तुला भास होतात. कुणी भूकंप म्हणतं, कुणी वर्गणी काढून पूजा घालून शांत करायला सांगतं. बहुतेकांचा संशय मात्र चौथ्या मजल्यावर भाड्यानं राहणाऱ्या तीन मुलांवर आहे. मुलं कंपनीत पाळ्यांमध्ये काम करतात. त्यांना काढावं म्हणून घरमालकाला द्यायच्या पत्रावर १९ घरांच्या सह्या झाल्या आहेत, आणि सचिव म्हणून ताईंची सही राहिली आहे. 'सही करू की नको? आणि मला खरंच भास होत असतील का?' असं त्या विचारतात.

ताई,

आधी तुमच्या दोन प्रश्नांची उत्तरं देते, मग बाकीचं बोलू. सही करू नका. आणि तुम्हाला भास होत नाहीत.

एकोणीस घरांना काहीतरी ऐकू आलं आहे, म्हणजे तुम्ही एकट्या नाही. यजमानांना ऐकू येत नाही याचा अर्थ त्यांची झोप गाढ आहे, एवढाच. वीज कडाडली की एकाच खोलीतला एक जण ताडकन उठून बसतो आणि दुसरा कूसही बदलत नाही, हे आपण सगळ्यांनी पाहिलंय. पण एक गोष्ट तुम्हाला सांगायला हवी. अडीच महिने रात्री दचकून उठणाऱ्या माणसाचं शरीर हळूहळू आवाजाच्या आधीच जागं व्हायला लागतं. मग अंधारात कान टवकारून पडून राहायचं, आणि फ्रिज बंद होताना थडथडला तरी छातीत धस्स व्हायचं. तो आता 'रोजच' होतो असं तुम्ही लिहिलंय. आवाज खरंच वाढला की तुमचं जागं राहणं वाढलं? आज ते तुम्हालाही सांगता येणार नाही आणि मलाही नाही. कागदावर उतरवल्याशिवाय ते कळायचं नाही. त्या कागदाकडे पुढे येतेच.

तुमचं पत्र मी तीनदा वाचलं. तुम्ही, तुमचे शेजारी, सगळेच 'तो आवाज' म्हणताय, जणू एकच आहे. पण दिवसा 'काचा थरथरतात' आणि रात्री 'पलंगाच्या पायातून जाणवतो', ही दोन वाक्यं शेजारी शेजारी ठेवून पाहा. काचा थरथरतात त्या बहुधा हवेतून आलेल्या धक्क्यानं. पलंगाच्या पायातून येतो तो आवाज इमारतीच्या अंगातून, स्लॅब आणि कॉलममधून आलेला असतो. दिवसाचा बी विंगला कळतो, समोरच्या बंगल्यांनाही कळतो. रात्रीचा फक्त ए विंगला. माझ्या मते हे दोन वेगळे आवाज आहेत. दोन्ही मोठे आणि दोन्ही डिसेंबरातच लक्षात आले म्हणून तुम्ही सगळ्यांनी त्यांची एकच मोट बांधली आहे. मग कुठलंच कारण नीट बसत नाही. भूकंप म्हणावा तर रात्रीचा बी विंगला का कळत नाही? वरची मुलं म्हणावीत तर समोरच्या बंगल्याच्या काचा का वाजतात? कारण बसेना की गूढ वाटतं, आणि गूढाला घाबरलेली माणसं जवळचा कुणीतरी धरतात. तुमच्याकडे सगळ्यात नवी आणि सगळ्यात कमी ओळखीची ती तीन मुलं होती.

आधी दिवसाच्या आवाजाकडे जाऊ, कारण त्याबाबत नाशिककरांकडे सांगण्यासारखं पुष्कळ आहे.

आपलं गाव तसं आवाजांचं. नोटांच्या प्रेसच्या भोंग्यावर दिवस मोजलेली पिढी नाशिकरोडला अजून आहे. देवळालीला तोफखान्याचं प्रशिक्षण केंद्र आणि फायरिंग रेंज. गांधीनगरला लष्कराच्या हेलिकॉप्टर वैमानिकांचं प्रशिक्षण. आणि ओझरला हिंदुस्थान एरोनॉटिक्सचा कारखाना, १९६४ पासूनचा. आधी तिथून मिग बाहेर पडायची, मग सुखोई-३०, आणि १७ ऑक्टोबर २०२५ रोजी तिथे बांधलेल्या तेजस मार्क-१ए या विमानानं पहिली भरारी घेतली. हे ओझर तुमच्या गच्चीपासून पंधरा-वीस किलोमीटरवर आहे.

लढाऊ विमान आवाजापेक्षा वेगानं गेलं की त्याच्यापुढची हवा बाजूला सरायला वेळच मिळत नाही. ती दाबली जाते, आणि दाबलेल्या हवेची ती लाट जमिनीपर्यंत पोचली की आपल्याला धडाका ऐकू येतो. जमिनीलगत आवाजाचा वेग ताशी सुमारे १,२३५ किलोमीटर असतो. उंचावरच्या थंड हवेत तो कमी, हजाराच्या थोडा वर. बऱ्याच जणांना वाटतं की विमान ती मर्यादा ओलांडतं त्या एका क्षणी बार होतो. तसं नाही. विमान तेवढ्या वेगात असतं तोवर ती लाट त्याच्या मागे ओढल्यासारखी सरकत राहते आणि वाटेतल्या गावांना एकामागून एक ऐकू येते. विमानाच्या नाकाची एक लाट आणि शेपटीची एक, म्हणून पुष्कळदा 'धड-धड' असा जोडआवाज येतो. विमान बारा किलोमीटर उंचीवर असेल तर आवाज खाली पोचायला अर्ध्या मिनिटाहून जास्त वेळ लागतो. तोवर विमान बरंच पुढे गेलेलं असतं. 'आम्ही सगळे बाहेर धावलो, आकाशात काहीच नव्हतं' असं तुम्ही लिहिलंय. असा आवाज असेल तर आकाशात काही दिसणारच नाही.

बंगळुरूला २० मे २०२० रोजी दुपारी असाच मोठा आवाज झाला होता. टाळेबंदीतलं शांत शहर, त्यामुळे घबराट उडाली. संध्याकाळी खुलासा आला की चाचणी-उड्डाणावरचं विमान ३६ ते ४० हजार फुटांवर असताना आवाजाच्या वेगावरून खाली येत होतं, तेव्हाचा तो धडाका असावा. विमान ६५ ते ८० किलोमीटर दूर असलं तरी असा आवाज ऐकू येऊ शकतो, असंही त्या खुलाशात होतं. हे अंतर लक्षात ठेवा. निफाड, येवला, चांदवडकडच्या आकाशातला आवाज म्हसरूळला 'आपल्या डोक्यावरच' झाल्यासारखा वाटू शकतो.

डिसेंबरातच का सुरू झाला, हा प्रश्न तुमच्या पत्रात आहे आणि तो रास्त आहे. थंडीत आपल्याकडे रात्री जमीन लवकर गार होते. जमिनीलगतची हवा थंड आणि वरची त्या मानानं उबदार, असे उलटे थर बनतात. निफाडचा पारा उतरल्याच्या बातम्या येतात त्या पहाटे तर हे हमखास. अशा हवेत वर जाणारा आवाज वळून पुन्हा जमिनीकडे येतो आणि एरवी जिथे पोचला नसता तिथे स्पष्ट ऐकू येतो. देवळालीच्या तोफा शहराच्या दक्षिणेला, तुम्ही उत्तरेला. पावसाळ्यात त्या तुमच्या गावीही नसतात, पण थंडीतल्या वारा पडलेल्या सकाळी घुमत येतात. तोफांचा आवाज मात्र एकटा येत नाही. एकामागून एक, काही काळ चालू राहतो. तुमच्या कॉलनीत तोफखान्यातून निवृत्त झालेलं कुणी आहे का, पाहा. नाशकात गल्लीत एक तरी निघतंच. तो माणूस ऐकल्या ऐकल्या तोफ आहे की नाही ते सांगेल.

आणखी दोन शक्यता तुमच्या बाजूला आहेत. मखमलाबाद, मातोरी, दिंडोरीकडचे द्राक्षबाग मण्यात पाणी उतरलं की पाखरांपासून राखावे लागतात. कुणी जाळी लावतं, कुणी चकाकणाऱ्या पट्ट्या, आणि कुणी कार्बाइडच्या पाइपाचे बार काढतं. तो आवाज बंदुकीसारखा कोरडा असतो, सकाळी आणि संध्याकाळी पाखरं उतरायच्या वेळेला, थोड्या थोड्या वेळानं. (त्या पाइपांपासून मुलांना लांब ठेवा. २०२५ च्या दिवाळीत मध्य प्रदेशात असल्या कार्बाइडच्या बंदुकांनी कितीतरी मुलांचे डोळे जखमी झाले.) दुसरी शक्यता सुरुंगांची. उन्हाळ्याच्या तोंडाला विहिरींची खोदाई सुरू होते आणि आपल्याकडचा काळा पाषाण सुरुंगाशिवाय फुटत नाही. दगडखाणींतही तेच. तो धक्का जमिनीतून आणि हवेतून असा दोन्हीकडून येतो, आधी पायाला आणि मग कानाला.

भूकंपाच्या भीतीबद्दल बोलताना मी शेजाऱ्यांना हसणार नाही. ३० सप्टेंबर १९९३ ची किल्लारीची पहाट ज्या पिढीनं पाहिली, तिला जमिनीतला कुठलाही आवाज साधा वाटत नाही. हिंगोली जिल्ह्यातल्या पांगरा शिंदे गावानं वर्षानुवर्षं जमिनीतले गूढ आवाज ऐकले, आणि २१ मार्च २०२४ ला त्या भागात ४.५ तीव्रतेचा धक्का बसला. तेव्हा ही शंका घेणाऱ्याला गप्प करू नका, तिची शहानिशा करा. ती तर तुमच्या हाकेच्या अंतरावर होते. दिंडोरी रोडवरच्या 'मेरी'मध्ये, म्हणजे महाराष्ट्र अभियांत्रिकी संशोधन संस्थेत, भूकंपमापक यंत्रं आहेत, आणि जिल्ह्यात कळवण, पेठ, सुरगाण्याकडे सौम्य धक्के बसले की पेपरात त्यांचाच हवाला असतो. राष्ट्रीय भूकंपशास्त्र केंद्राच्या संकेतस्थळावर आणि 'भूकंप' नावाच्या अ‍ॅपवर देशभरातल्या धक्क्यांच्या नोंदी वेळेसकट दिसतात. तुमची वेळ आणि त्यांची वेळ ताडून पाहिलीत की पाच मिनिटांत उत्तर मिळेल. फक्त त्यासाठी तुमच्याकडे नेमकी वेळ हवी. 'साडेअकराच्या आसपास' चालणार नाही.

आता रात्रीचा आवाज. इथे मला माझी एक गोष्ट सांगायची आहे. सांगताना अजून जड जातं.

बरीच वर्षं झाली. नाशिकरोडला आम्ही तीन मजली इमारतीत राहायचो, दुसऱ्या मजल्यावर. रात्री-अपरात्री डोक्यावर 'धप्प' व्हायचं, वरच्या घरात कुणी वरवंटा टाकावा तसं. वर एक निवृत्त काका आणि त्यांच्या आजारी पत्नी राहत. सगळ्यांचं ठरलं की काका रात्री सामान ओढतात. त्यांना समज देणारं पत्र निघालं, आणि त्यावर दुसरी सही माझी होती. काका खाली येऊन म्हणाले, 'अहो, मीही त्यानं दचकून उठतो.' कुणी विश्वास ठेवला नाही. चार महिन्यांनी पंप बिघडला म्हणून प्लंबर आला. गच्चीच्या टाकीकडे जाणाऱ्या लाइनवरचा एनआरव्ही, म्हणजे चढलेलं पाणी उलट खाली येऊ न देणारा व्हॉल्व्ह, त्यानं बदलला. अर्ध्या तासाचं काम होतं. त्या रात्रीपासून आवाज बंद. मी माफी मागायला वर गेले. काकांनी चहा केला, काही बोलून दाखवलं नाही. पण बसायला खुर्ची ओढली तर ती आवाज न करता सरकली. खाली पाहिलं तर चारही पायांना सायकलच्या जुन्या ट्यूबचे तुकडे बांधलेले. टेबलाच्या पायांना, स्टुलाच्या पायांना, काकूंच्या कॉटलाही. चार महिने तो माणूस आमच्यासाठी स्वतःच्याच घरात चोरपावलांनी वावरत होता.

म्हणून तुमचं पत्र वाचताना मी 'फक्त ए विंगला' या शब्दांपाशी अडखळले. ए विंगचा पंप वेगळा आहे का? टाकी भरली की तो आपोआप बंद होतो का? रात्री कुणाचा नळ वाहत राहिला, टाकीतलं पाणी उतरलं, की पंप चालू होणार आणि भरली की बंद. पंप बंद होतो तेव्हा चार मजले चढलेला पाण्याचा खांब मागे घसरतो. व्हॉल्व्ह वेळेत मिटला नाही तर ते पाणी वेगानं येऊन त्याच्यावर आदळतं. पाइपाचे क्लॅम्प सैल असतील तर अख्खी लाइन भिंतीवर आपटते. वीज गेली तरी हेच होतं. काँक्रीटमधून आवाज हवेच्या दहापट वेगानं पसरतो, भिंत, छत, जमीन सगळं जवळजवळ एकदमच बोलतं, आणि आवाज कुठून आला हे कानांना ठरवता येत नाही. ते काम मग मन करतं, आणि मन वर बोट दाखवतं, कारण वर माणसं राहतात हे त्याला माहीत असतं. पंपाच्या खोलीत कुणी राहत नाही.

तुमच्याकडे हेच असेल असं मी म्हणत नाही. लिफ्टचा ब्रेक असू शकतो. थंडीत फरशा एकमेकींना रेटून फुगतात आणि बंदुकीसारखा आवाज करून सुटतात. तसं असेल तर कुणाच्या तरी घरात फरशी उचललेली सापडेल. गच्चीवरचा पत्र्याचा शेडही रात्री गार पडताना वाजतो. बाहेर विजेच्या डीपीवरचा डीओ, म्हणजे फ्यूज, उडाला तर बारासारखा आवाज होतो, पण त्याच क्षणी लाइट जातात, म्हणजे ते लगेच कळतं आणि १९१२ वर महावितरणला कळवता येतं. पण सगळ्यात सोपी तपासणी पंपाची आहे आणि तिला एक पैसा लागत नाही. रविवारी दुपारी ए विंगमधल्या चार मजल्यांवर चार माणसं उभी करा. पंप चालू करा, दहा मिनिटं चालू द्या आणि मग मेन स्विचवरून अचानक बंद करा. तीन वेळा करा. तोच आवाज आला तर प्लंबरला बोलवा, स्प्रिंगचा व्हॉल्व्ह आणि नवे क्लॅम्प बसवून घ्या. नाही आला तर तीन रात्री झोपण्यापूर्वी टाकी पूर्ण भरून पंप हातानं बंद ठेवा आणि काय होतं ते बघा.

आता तो कागद. एक साधी वही घ्या, दोनशे पानी. ती ग्रुपवर नको. ग्रुपवर पहिल्यानं 'आज फार मोठा होता' लिहिलं की पुढच्या दहा जणांना तो मोठाच आठवतो. प्रत्येकानं आपापलं लिहायचं आणि आठवड्यानं एकत्र वाचायचं. तारीख, आणि मोबाइलवरची वेळ सेकंदासकट. आवाज एक की दोन, लगेच संपला की घुमत राहिला. काच वाजली की जमीन हादरली. तुम्ही कुठल्या खोलीत होता. पंप चालू होता का, लाइट होते का, वारा होता का. आणि ज्याला ऐकू आला नाही, त्यानंही 'जागा होतो, ऐकू आला नाही' असं लिहायचं. यजमानांची आणि बी विंगची नोंद तुमच्या नोंदीइतकीच कामाची आहे. ते तुमच्या विरोधात बोलत नाहीयेत, आवाज कुठवर पोचतो ते सांगतायत.

दिवसाच्या आवाजासाठी आडगावला आणि मखमलाबादला कुणी ओळखीचं असेल तर त्यांनाही सामील करा. आवाजाला एक किलोमीटर यायला साधारण तीन सेकंद लागतात. आडगावला तुमच्याआधी दहा-पंधरा सेकंद ऐकू आला, तर तो त्या अंगानं आला. मखमलाबादला आधी आला, तर बागांच्या बाजूनं. एवढ्या साध्या हिशेबानं निम्म्या शंका मिटतात. सीसीटीव्हीत आवाज नोंदवला जात असेल तर त्याचं घड्याळ आधी मोबाइलशी जुळवून घ्या, ते बहुधा पुढेमागे झालेलं असतं. आणि दिवसाचा धडाका विमानाचा निघाला तर विमानांचे व्हिडिओ आणि उड्डाणाच्या वेळा कुठे टाकू नका, वहीतच राहू द्या. तो भाग संरक्षण खात्याचा आहे.

असंच कोडं पडलेल्या इतरांसाठी तक्रारीबद्दल थोडं. २००० सालच्या ध्वनिप्रदूषण नियमांत निवासी भागासाठी दिवसा ५५ आणि रात्री दहा ते सकाळी सहा ४५ डेसिबल अशी मर्यादा आहे. ती १० डेसिबल किंवा त्याहून जास्त ओलांडली तर कुणालाही तक्रार करता येते. पण ही मोजणी काही काळाच्या सरासरीची असते. डीजे, जनरेटर, रात्रभर चालणारं कंपनीचं मशीन यांना ती पकडते, एका सेकंदाचा धडाका तिच्यात विरून जातो. म्हणून एकेका धडाक्यासाठी मोबाइलवरच्या डेसिबल अ‍ॅपचे आकडे घेऊन फिरू नका. वही घेऊन जा. सुरुंगाचा संशय असेल तर तहसीलदार किंवा जिल्हा खनिकर्म अधिकारी, कारखान्याचा असेल तर महाराष्ट्र प्रदूषण नियंत्रण मंडळ, आणि कशाचाच पत्ता लागत नसेल तर जिल्हाधिकारी कार्यालयातला आपत्ती व्यवस्थापन कक्ष, फोन १०७७. तिथे 'कधीकधी फार मोठा आवाज होतो' असं सांगितलं तर कुणालाच काही करता येत नाही. 'या सात तारखा, या वेळा, या वेळी काय झालं ते विचारून सांगा' असं लेखी दिलं की त्याला उत्तर देता येतं. आवाजाबरोबर गॅसचा वास आला, किंवा कॉलम-बीमला नवे तडे गेलेले दिसले, तर वही बाजूला ठेवा, इमारतीबाहेर पडा आणि १०१ ला फोन करा.

शांत करायची का, हेही तुम्ही दबक्या आवाजात विचारलंय. ज्यांना त्यानं बरं वाटणार असेल त्यांनी करावी. फक्त पंपाची तपासणी आधी होऊ द्या. नाहीतर शांत झाल्यावर चौथ्या दिवशी व्हॉल्व्ह पुन्हा वाजेल आणि लोक दुप्पट घाबरतील.

आता सहीचं. एकोणीस सह्या म्हणजे एकोणीस साक्षी नव्हेत. यातल्या किती जणांनी आवाज वरच्या घरातून येताना ऐकला आणि किती जणांनी तसं म्हटलेलं ऐकलं? तुमच्याच पत्रात एक ओळ आहे, घाईत लिहिल्यासारखी: 'ती मुलं म्हणतात एकदा आवाज झाला तेव्हा तिघेही तिसऱ्या पाळीला होते, पण आता काय खरं मानायचं.' ताई, हे मानण्या-न मानण्याचं नाही, तपासण्यासारखं आहे. कंपनीत हजेरी असते, पाळीचा तक्ता असतो. वहीतल्या रात्री आणि त्यांच्या तिसऱ्या पाळीच्या रात्री शेजारी शेजारी मांडा. घराला कुलूप असतानाही आवाज झाला असेल तर विषय संपला.

आणि सचिव म्हणून हेही ध्यानात घ्या की घर रिकामं करणं हा घरमालक आणि भाडेकरू यांच्यातल्या कराराचा विषय आहे. सोसायटी फार तर घरमालकाला कळवू शकते, तेही काही सिद्ध झालं असेल तर. ज्यांनी सह्या गोळा केल्या त्यांना सरळ सांगा: 'पंधरा दिवस थांबा. मी शोध घेते आहे. पंधरा दिवसांनी वही सगळ्यांसमोर ठेवते.' थोडी नाराजी होईल. तुम्ही त्या मुलांच्या बाजूनं आहात असंही कुणी म्हणेल. म्हणू द्या. झोप त्यांचीही उडाली आहे, रागामागे तेच आहे. वहीत त्यांचं नाव आणि त्यांची नोंद आली की राग बराच निवळतो, कारण तेव्हा त्यांना करायला काहीतरी मिळतं.

एक काम मात्र पंधरा दिवस थांबू नका. आज-उद्या संध्याकाळी वर जा, एकट्याच जा, सचिव म्हणून नको. ती मुलं गावाकडून इथे कामाला आली आहेत, जिन्यात माणसं आपल्याकडे पाहून गप्प होतात हे त्यांना कळत असणार. त्यांना विचारा, 'तुम्हाला ऐकू येतो का रे?' दुसऱ्या पाळीहून ती मध्यरात्रीनंतर परततात, जेवतात, झोपायला अडीच-तीन वाजतात. म्हणजे रात्री अडीचला अख्ख्या विंगमध्ये जागं असणारं कुणी असेल तर तीच, आणि आवाज खालून येतो, वरून की भिंतीतून, हे झोपेतून उठलेल्या माणसापेक्षा जागा असलेला माणूस नीट सांगेल. वहीची एक प्रत त्यांच्याकडे द्या. रविवारी पंपाची चाचणी घ्याल तेव्हा टाकीपाशी गच्चीवर कुणीतरी लागेल, फोन कानाला लावून. त्यांच्यातल्या ज्याची सुट्टी असेल त्याला तिथे उभं करा. आणि काय निघालं ते मला कळवा.